मालमत्ता गुंतवणुकीसाठी वेबसाइट: तयार टेम्प्लेट की घडवून घेतलेली?

टेम्प्लेट, म्हणजे साइटचा तयार साचा, घ्यावं की डेव्हलपरकडून पहिल्यापासून साइट घडवून घ्यावी, हा प्रश्न बहुतेक गुंतवणूकदार दिसण्यावरून सोडवतात. डेमो आवडला की टेम्प्लेट घेतात, आणि तो सगळ्यांसारखाच वाटला की कस्टमच्या मागे लागतात. चांगलं दिसणं मात्र दोन्हीकडे जमतं. फरक पडतो तो साइटच्या पोटात माहिती कशी ठेवली आहे आणि आलेली चौकशी पुढे कुठे जाते, यानं.

म्हणून आधी साइटचं काम ठरवा. मालमत्तेत गुंतवणूक करणाऱ्याच्या साइटला साधारण तीन कामं असतात. पहिलं, घर विकायला निघालेल्या मालकाकडून पत्ता आणि फोन नंबर मिळवणं. दुसरं, आपल्याकडच्या मालमत्ता खरेदीदाराला किंवा भाडेकरूला दाखवणं. तिसरं, पैसे घालणाऱ्या भागीदारांना लॉगिन देऊन हिशेब आणि कागदपत्रं दाखवणं. पहिल्या कामाला टेम्प्लेट पुरतं, त्यासाठी कस्टमवर खर्च करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तिसऱ्या कामाला टेम्प्लेट धोक्याचं. दुसरं काम मधलं, आणि डोकं लावावं लागतं ते तिथेच.

टेम्प्लेटमध्येही दोन जाती

एक म्हणजे विक्स, स्क्वेअरस्पेससारखे भाड्याचे प्लॅटफॉर्म. टेम्प्लेट, होस्टिंग (साइट ज्या सर्व्हरवर राहते ती जागा), फॉर्म सगळं त्यांचं, आपण दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरायचे. दुसरी जात म्हणजे वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चढवलेली थीम, म्हणजे त्यासाठीचं टेम्प्लेट. वर्डप्रेस २००३ पासून आहे, मुक्त परवान्याखाली मिळतं आणि आपण निवडू त्या होस्टिंगवर चालतं. थीमचे पैसे वेगळे, आणि बहुतेक विकत मिळणाऱ्या थीमचा परवाना एका साइटपुरता असतो.

हा फरक साइट हलवायची वेळ येते तेव्हा कळतो. विक्सवरची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही. स्क्वेअरस्पेसमधून पानं आणि ब्लॉगचा काही भाग वर्डप्रेसला चालेल अशा फाइलमध्ये निघतो, रचना निघत नाही. वर्डप्रेसची साइट मात्र डेटाबेस आणि फाइलींसकट दुसरीकडे नेता येते. कस्टम साइटही नेता येते, पण कोड आपल्या ताब्यात असेल तरच.

फॉर्म: सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं

मालकाकडून चौकशी मिळवणाऱ्या साइटचा प्राण म्हणजे फॉर्म. त्यात पहिल्या टप्प्यात फक्त मालमत्तेचा पत्ता विचारावा, दुसऱ्यात नाव आणि फोन, आणि घराची अवस्था, विकायची घाई, कर्ज बाकी आहे का हे प्रश्न तिसऱ्यात. पत्ता भरलेला माणूस मधेच निघून गेला तरी तो पत्ता साठलेला राहायला हवा. टेम्प्लेटबरोबर येणाऱ्या साध्या संपर्क-फॉर्ममध्ये हे बहुधा नसतं, पण वर्डप्रेसवर चांगल्या फॉर्म-प्लगिननं (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमनं) होतं. एवढ्यासाठी कस्टम साइट लागत नाही.

भरलेला फॉर्म आपल्यापर्यंत पोहोचण्याचं काय? वर्डप्रेस मुळात सर्व्हरच्याच मेल-यंत्रणेतून ईमेल पाठवतं. त्या ईमेलला डोमेनची ओळख पटवणारी एसपीएफ आणि डीकेआयएम नोंद नसेल तर तो स्पॅममध्ये पडतो किंवा पोहोचतच नाही. भरणाऱ्याला ‘धन्यवाद’ दिसतं, आपल्याला काहीच कळत नाही. उपाय तीन, आणि तिन्ही करा. ईमेल एसएमटीपी सेवेमार्फत, म्हणजे ईमेल पाठवण्याच्या वेगळ्या सेवेमार्फत पाठवा. प्रत्येक फॉर्म डेटाबेसमध्येही साठवा. वेबहुकनं (माहिती आपोआप दुसऱ्या प्रणालीकडे पाठवणाऱ्या जोडणीनं) तो थेट सीआरएममध्ये, म्हणजे चौकश्या आणि ग्राहकांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. साइट सुरू झाल्यावर मोबाइलवरून, वेगळ्या ईमेलनं फॉर्म भरून बघा, आणि पुढे दर आठवड्याला एकदा तरी ही चाचणी करा.

कस्टम साइटमध्ये चूक वेगळ्या जागी होते. डेव्हलपर फॉर्म नीट बांधतो, पण चौकशी कुठून आली हे नोंदवत नाही. जाहिरातीच्या लिंकमधले यूटीएम तपशील (भेट कोणत्या जाहिरातीतून आली ते सांगणाऱ्या खुणा) लपलेल्या रकान्यांत साठवले पाहिजेत. नाहीतर सहा महिन्यांनी कोणत्या जाहिरातीनं घर मिळवून दिलं ते सांगता येत नाही. ही अट पहिल्या दिवशीच कागदावर हवी.

मालमत्तांची यादी: टेम्प्लेट कुठे दमतं

रिअल इस्टेट थीम वर्डप्रेसवर मालमत्तेचा तपशील बहुधा पोस्टमेटा नावाच्या तक्त्यात ठेवते. त्यात किंमत, क्षेत्रफळ, खोल्या, मजला, पार्किंग यांची प्रत्येकी वेगळी ओळ असते. एका मालमत्तेला ४० तपशील असतील तर ४० ओळी. मूल्याचा रकाना मजकुराचा असतो आणि त्यावर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नसतो. ‘अमुक किमतीच्या आत, दोन बेडरूम, पार्किंगसह, ८०० चौरस फुटांहून मोठं’ असा शोध घेतला की डेटाबेसला तोच तक्ता प्रत्येक अटीसाठी पुन्हा जोडावा लागतो. पन्नास-शंभर मालमत्तांना काहीच जाणवत नाही. काही हजार झाल्या की शोधाचं पान रेंगाळायला लागतं, आणि कॅशिंगनं (एकदा तयार झालेलं पान साठवून पुन्हा तेच देण्यानं) ते फारसं सुटत नाही, कारण प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. आणखी एक गंमतीशीर वाटणारी पण त्रासदायक गोष्ट: आकडा हा आकडा म्हणून वाचायला थीमला सांगितलं नसेल तर क्षेत्रफळाच्या क्रमवारीत १२०० हे ८५० च्या आधी येतं, कारण मजकूर म्हणून १ हा ८ च्या आधी.

घडवून घेतलेल्या साइटमध्ये मालमत्तेचा स्वतःचा तक्ता असतो. किंमत आकड्याच्या रकान्यात, तारीख तारखेच्या, ठिकाण अक्षांश-रेखांशाच्या रकान्यात, आणि ज्यावर शोध होतो त्यावर इंडेक्स. गुंतवणूकदाराला लागणारे खास रकानेही तिथे मूळ रचनेतच बसतात: खरेदी किंमत, दुरुस्तीचा अंदाज, दुरुस्तीनंतरची किंमत, अपेक्षित भाडं, वार्षिक देखभाल. थीमची रचना दलालाच्या साइटसाठी केलेली असते. त्यात हे रकाने जास्तीचे म्हणून जोडावे लागतात, आणि त्यांवरून परताव्याचं गणित करून यादी लावायची म्हटली की प्लगिनवर प्लगिन चढत जातात.

तेव्हा मोजमाप सोपं ठेवा. एका वेळी दाखवायच्या मालमत्ता शेकड्यात असतील आणि शोधाच्या अटी तीन-चार असतील तर थीम घ्या. हजारांत जायचं असेल, किंवा परताव्यावरून क्रमवारी हाच साइटचा गाभा असेल, तर कस्टम.

नकाशा दोन्हीकडे हवा असतो. नकाशाची एपीआय की (नकाशा-सेवा वापरायची चावी) ब्राउझरमध्ये उघडी दिसते, म्हणून ती आपल्या डोमेनपुरती बांधून ठेवा आणि रोजची मर्यादा घाला. नाहीतर दुसऱ्याच्या वापराचं बिल आपल्याला येतं.

वेग

गूगलचे निकष ठरलेले आहेत: पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा, आणि पान हलण्याचा गुणांक ०.१ च्या आत राहावा, हे सगळं ७५ टक्के भेटींमध्ये. प्रतिसादाचा हा मापदंड मार्च २०२४ पासून लागू झाला.

टेम्प्लेट इथे मार खातं ते बहुधा पहिल्या पडद्यावरच्या सरकत्या फोटोंमुळे आणि पेज-बिल्डरमुळे (माउसनं ओढून पान मांडायच्या साधनामुळे). स्लायडर काढून एकच फोटो ठेवा, रुंदी १६०० पिक्सेलच्या आसपास, वेबपी या हलक्या फोटो-स्वरूपात. तो पहिला फोटो लेझी लोड करू नका (म्हणजे पान खाली सरकवल्यावरच उतरेल असा ठेवू नका), खालचे करा. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये दिलेली असू द्या, म्हणजे पान उड्या मारणार नाही. एवढ्यानं बरीच टेम्प्लेट्स पुरेशी वेगवान होतात. कस्टम साइट आपोआप वेगवान असते असं मुळीच नाही. निकष करारात लिहिले नसतील तर तीही जड निघते.

मजकूर आणि देवनागरी

काही टेम्प्लेट्स मजकुरासकट मिळतात: ‘आम्ही तुमचं घर आहे त्या अवस्थेत घेतो’ वगैरे. तोच मजकूर शेकडो साइट्सवर असतो. एकसारख्या पानांतून गूगल एक निवडतं, बाकीची मागे पडतात. मजकूर स्वतःचाच लिहा. फक्त परिसराचं नाव बदलून पन्नास पानं काढणं तर दोन्ही प्रकारच्या साइटवर टाळा, तो प्रकार गूगलच्या स्पॅम-धोरणात बसतो. ज्या परिसराबद्दल खरंच सांगण्यासारखं आहे त्याचंच पान करा.

साइट मराठीत करणार असाल तर टेम्प्लेट विकत घेण्याआधी डेमोच्या मथळ्यात देवनागरी मजकूर टाकून बघा. कित्येक टेम्प्लेट्सच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच, मग ब्राउझर कुठला तरी पर्यायी फॉन्ट लावतो आणि इंग्रजीशी त्याचा मेळ बसत नाही. मथळ्यांना दिलेलं लेटर-स्पेसिंग शिरोरेषा तोडतं, ते शून्य करा. ओळीची उंची १.२ असेल तर वरच्या-खालच्या मात्रा कापल्या जातात किंवा एकमेकींना चिकटतात. १.५ ते १.६ ठेवा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी चालतो, पण दोनच वजनं (अक्षरांच्या जाडी) घ्या.

भागीदारांचं लॉगिन

इथे आम्ही टेम्प्लेटच्या विरोधात आहोत. वर्डप्रेसच्या अपलोड्स फोल्डरमध्ये टाकलेली पीडीएफ, पत्ता माहीत असेल तर लॉगिनशिवाय उघडते. पान पासवर्डमागे असलं तरी फाइल उघडीच राहते. करार, बँकेचे तपशील, परताव्याचे हिशेब अशा जागी ठेवता येत नाहीत. फाइल खाजगी साठ्यात हवी, प्रत्येक वेळी अधिकार तपासून काही मिनिटांत संपणारी लिंक मिळायला हवी, आणि कोणी काय उघडलं याची नोंद राहायला हवी. हे घडवून घ्या, किंवा गुंतवणूकदारांसाठीच बनवलेली तयार सेवा वेगळ्या सबडोमेनवर (आपल्याच डोमेनच्या उपपत्त्यावर) लावा.

वेळ, देखभाल, मालकी

मजकूर आणि फोटो हाताशी असतील तर टेम्प्लेटची साइट एक-दोन आठवड्यांत उभी राहते. यादी, शोध आणि ॲडमिनसह कस्टमला तीन-चार महिने धरा. थीम घेतलीत तर बदल चाइल्ड थीममध्येच (मूळ थीमवर आधारलेल्या वेगळ्या थीममध्ये) करा, मूळ फाइलीत केलेले बदल पुढच्या अपडेटला पुसले जातात. डेमोची पानं आणि नमुना मालमत्ता काढून टाका. आणि वर्डप्रेसच्या सेटिंगमधली ‘सर्च इंजिनांना परावृत्त करा’ ही खूण काढायला विसरू नका, ती राहिल्यानं महिनोन्‌महिने साइट गूगलमध्ये दिसत नाही.

कस्टमचा मोठा धोका डेव्हलपर निघून जाण्याचा. डोमेन, होस्टिंग आणि कोडचं गिट खातं (कोड आणि त्यातले बदल साठवायची जागा) पहिल्या दिवसापासून आपल्या नावावर असावं. किंमत बदलणं, मालमत्ता विकली गेल्याची खूण करणं, फोटोंचा क्रम लावणं हे ॲडमिनच्या पडद्यावरून आपल्याला करता यायला हवं. हा पडदा कामाच्या यादीत लिहिलेला नसतो आणि मग प्रत्येक बदलाला फोन करावा लागतो. शेवटचा हप्ता देण्याआधी एक परीक्षा घ्या: दुसऱ्या डेव्हलपरला फक्त लेखी सूचना, कोड आणि डेटाबेसची प्रत द्या आणि कोऱ्या सर्व्हरवर साइट उभी करायला सांगा. उभी राहिली नाही तर सूचना अपुऱ्या आहेत, हप्ता थांबवा.

मधला मार्ग

नव्यानं सुरुवात करणाऱ्याला आमचा सल्ला असा: वर्डप्रेसवर हलकी थीम, त्यावर चांगला फॉर्म, चौकशी थेट सीआरएममध्ये. मालमत्तांची संख्या किंवा भागीदारांची मागणी वाढली की फक्त तेवढा भाग सबडोमेनवर घडवून घ्या, बाकीची साइट आहे तशी राहू द्या. भाड्याच्या प्लॅटफॉर्मवर सुरुवात केलीत तरी डोमेन स्वतःच्या नावावर घ्या आणि पानांचे पत्ते छोटे, अर्थपूर्ण ठेवा. पुढे साइट हलवताना जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्यावर ३०१ वळण (आपोआप नव्या पत्त्यावर नेणारं कायमचं वळण) लावावं लागतं. त्याची यादी साइट हलवण्याआधी करा. जुनी साइट बंद झाल्यावर ते पत्ते गोळा करणं फार जिकिरीचं होतं.