तळ्याकाठी कोंबड्या पाळायच्या तर गावरान की ब्रॉयलरची शेड?

करमाळा-माढ्याकडे उजनीच्या फुगवट्यालगत किंवा हिप्परग्याच्या तलावाजवळ कोंबड्या पाळायच्या म्हटलं की हिशेब खाद्याचा आणि दराचा होतो. बर्ड फ्लूचा हिशेब कुणी मांडत नाही, आणि तळ्याकाठी तोच आधी मांडायला हवा.

या विषाणूचं मूळ घर पाणपक्ष्यांचं आतडं. बदक बहुतेकदा धडधाकट दिसतं, पण त्याच्या विष्ठेतून विषाणू पाण्यात पडतो. हिवाळ्यात उजनीवर उतरणारे पट्टकादंब बघायला छान. याच जातीचे पक्षी २००५ साली चीनच्या छिंगहाय सरोवरावर एच५एन१ने, म्हणजे बर्ड फ्लूच्याच एका वाणाने, मोठ्या संख्येने मेले होते.

गावरान कोंबडी दिवसभर काठावर चरते, तेच पाणी पिते. म्हणजे विषाणू घरात यायचा धोका तिच्यात जास्त. शिवाय ती रात्री अंगणात, पडवीत; घरच्यांचा हात रोज लागतो. १९९७ मध्ये हाँगकाँगला एच५एन१ थेट कोंबड्यांकडून माणसांत आला, १८ जण आजारी पडले, ६ दगावले. जमेची बाजू एवढीच की वीस-तीस पक्ष्यांत साथ लवकर आटोपते.

शेडमध्ये विषाणू सहज शिरत नाही. पण शिरला तर एकाच वयाचे, एकाच वाणाचे हजारो पक्षी चौरस फुटाला एक या दाटीने बसलेले असतात. तिथे एच५ किंवा एच७ गटाचा सौम्य विषाणू बदलत जाऊन जीवघेणा होऊ शकतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १९८३ च्या एप्रिलमध्ये सौम्य असलेला एच५एन२ ऑक्टोबरपर्यंत असाच जीवघेणा झाला होता. शेडमध्ये तो बहुतेक माणसांच्याच हाताने येतो: व्यापाऱ्याचे क्रेट, अंड्यांचे ट्रे, मजुराच्या चपला, तळ्याचं पाणी.

पाण्याचं बघा. तळ्याचं पाणी आधी तुरटीने निवळायचं, मग हजार लिटरला साधारण १५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर टाकून अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्च होतो. आणि पाण्यातून राणीखेतची (कोंबड्यांच्या दुसऱ्या एका विषाणूजन्य रोगाची) लस द्यायच्या दिवशी क्लोरीन अजिबात नको, लसच मरते. राणीखेतची लस बर्ड फ्लूला चालत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

माणसांत जागतिक साथ यायला अजून एक पायरी लागते. फ्लूच्या विषाणूची जनुकं आठ तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन वाण शिरले की तुकड्यांची अदलाबदल होते. १९५७ आणि १९६८ च्या साथी पक्ष्यांच्या आणि माणसांच्या वाणांच्या अशाच मिश्रणातून आल्या, २००९ ची डुकरांतून. म्हणून गावात मोकाट डुकरं फिरत असतील तर दोन्ही पर्यायांना आधी पक्कं कुंपण.

आमचा कौल: पन्नासेक पक्षी असतील तर गावरानच, पण जाळीत, वर पत्रा, खाद्य-पाणी आत. हजारांच्या वर जायचं असेल तर शेड. मात्र सगळी बॅच एकदम भरून एकदम काढणं आणि मधे दोन आठवडे रिकामी ठेवणं जमणार असेल तरच. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाजू बंद करता येत नाहीत, त्यामुळे चिमणीही शिरणार नाही अशी बारीक जाळी लावा. एकदम मर लागली तर मेलेला पक्षी फाडू नका, कालव्यात टाकू नका, उरलेले विकू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नमुन्याची पक्की खात्री भोपाळच्या प्रयोगशाळेतच होते.