सीपॅप मशीन, आठ महिने: मिशी, लाईट आणि आखाजी

झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने नाकात हवा सोडणारं हे सीपॅप मशीन घेतलं गेल्या ऑक्टोबरात. आता जून लागलाय. कपाशीच्या बियाण्याची गर्दी सुरू झाली की दुकानातून मान वर काढायला फुरसत मिळत नाही, म्हणून त्याआधीच लिहून टाकतो.

अमळनेरला माझं कृषी केंद्र आहे. वय 48, वजन तेव्हा 97 किलो. घोरणं आमच्या घरात पिढीजात. वडिलांचं घोरणं गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि आजी कौतुकाने सांगायची, पोराला कशी गाढ झोप लागते बघा. त्यामुळे घोरणं हा आजार असू शकतो हे डोक्यातच नव्हतं. रात्री तीनदा लघवीला उठायचो, साखर तपासली तर नॉर्मल. सकाळी डोकं जड. बीपीच्या दोन गोळ्या चालू, तरी आकडा खाली यायला तयार नाही. दुकानात बिल लिहिता लिहिता पेन थांबायचा. एकदा तर गिऱ्हाईक खताची गोणी स्वतःच उचलून, पैसे गल्ल्यावर ठेवून निघून गेलं. पण खरी भीती बसली ती धुळे रोडवर, भरदुपारी मोटारसायकल साईडपट्टीवर उतरली तेव्हा. मला खड्ड्याच्या दणक्याने जाग आली.

बायकोने एका रात्री मोबाईलवर चार मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. घोरणं, मग एकदम शांत, मग बुडणाऱ्या माणसाने डोकं वर काढावं तसा हिसका. ती म्हणाली, ‘शांत झालात की मी आकडे मोजत बसते. काल चाळीसपर्यंत गेले.’ किती वर्षं मोजत होती, ते मी विचारलं नाही.

पहिल्या डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. चार दिवस घेतली, आणखी वाईट. नंतर कळलं की अशा गोळ्यांनी घशाचे स्नायू जास्तच सैल पडू शकतात, आणि माझ्या दुखण्याचं मूळच ते. झोपेत घसा मिटतो, हवा अडते, ऑक्सिजन खाली जातो, मेंदू घाबरून उठवतो. सकाळी आपल्याला त्यातलं काही आठवत नाही.

मग जळगावला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आठ प्रश्नांचा कागद दिला: बसमध्ये बसलं की डुलकी लागते का, जेवणानंतर, टीव्हीपुढे, असे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण 24, दहाच्या वर गेलं की लक्ष द्यायचं. माझे 17. मानेचा घेर टेपने मोजला, 43 सेंटिमीटर. तपासणी घरीच झाली: छातीला पट्टा, नाकात बारीक नळी, बोटाला चिमटा. खर्च साडेचार हजार. दवाखान्यात झोपवून करतात ती मोठी तपासणी मेंदूच्या लहरीही बघते. घरच्या तपासणीत आपण नेमके किती वेळ झोपलो ते कळत नाही, त्यामुळे आकडा कधीकधी खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. माझा तरी लपण्यासारखा नव्हता. तासाला 41 वेळा श्वास अडत होता. तीसच्या वर गेलं की तीव्र. ऑक्सिजन एका क्षणी 71 वर आला होता.

आता मशीन. ऑटो सीपॅप, हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीसकट 42 हजार, मुखवटा वेगळा साडेपाच हजार. मेडिक्लेमने हात वर केले. मशीन ऑक्सिजन देत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. ते खोलीतलीच हवा ओढून दाबाने नाकात सोडतं आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. ही युक्ती ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये मांडली. मूळ कल्पना तीच, मशीन तेवढं लहान आणि शांत झालंय. आवाज आमच्या कूलरच्या पाव हिस्साही नाही.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार. दुकानदाराने मशीनवर अर्धा तास भाषण दिलं आणि मुखवटा डब्यातून काढून तसाच हातात ठेवला. नाक-तोंड दोन्ही झाकणारा, मोठा. माझी मिशी जाड. रबर मिशीवर नीट बसेना, फटीतून हवा सुटून थेट डोळ्यात. पट्टे आवळले तर नाकावर वळ. पहिले तीन आठवडे रात्री दोन वाजता उपटून फेकायचो. 42 हजार कपाटावर पडून.

शेवटी ठरवलं, मिशीच काढतो. सकाळी वस्तरा घेऊन बसलो तर ओट्यावरून वडील ओरडले, ‘मी आजून जित्ता शे ना! मिशी कशाले काढस?’ वय 79, पण आवाज खणखणीत. बाप असताना पोराने मिशी काढायची म्हणजे काय ते आपल्याकडे सांगायला नको. आईने वस्तराच उचलून नेला.

पर्याय सापडला तो फेरतपासणीत. नाकपुड्यांशी टेकणाऱ्या दोन छोट्या उशा असतात, तसला मुखवटा. मिशीशी संबंधच नाही. आणखी चार हजार गेले, पण त्या रात्री सलग सहा तास झोपलो. तोंड उघडलं की हवा तोंडातून निसटायची, त्यासाठी आठवडाभर हनुवटीला पट्टा बांधला, मग सवय झाली. सुरुवातीला पोटात हवा जाऊन सकाळी ढेकरा यायच्या. डॉक्टरांनी दाब थोडा उतरवून दिला, थांबलं. दाब स्वतः बदलू नका. घ्यायच्या आधी दोन-तीन मुखवटे आडवं पडून लावून बघू द्या, असा हट्ट मात्र धरा.

लाईटचं म्हणाल तर घरी इन्व्हर्टर आहे. पाणी गरम करायची सोय बंद ठेवली की मशीन फार वीज खात नाही, रात्र निघते. जानेवारीच्या थंडीत वेगळंच झालं: नळीत वाफेचं पाणी साचून गुडगुड, आणि मध्येच चेहऱ्यावर शिंतोडा. नळी गोधडीखालून घेतली, बंद. उन्हाळ्यात कूलरची ओल पुरते, टाकी रिकामीच. फिल्टर मात्र आपल्या धुळीत आणि कापसाच्या दिवसांत फार लवकर काळा पडतो. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडून न घेता मेडिकलमधून घेतो.

एका नातेवाइकाने जुनं मशीन स्वस्तात देऊ केलं होतं. घेतलं नाही. जून 2021 मध्ये फिलिप्सने लाखो मशीन परत मागवली होती, आतला आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जायची भीती म्हणून. जुनं घेणार असाल तर मॉडेल आणि साल आधी तपासा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी शिरपूरकडे गेलो. सगळ्यांचे बिछाने गच्चीवर, मी वायरीचं बोर्ड घेऊन वर. सकाळी शेजारच्या आजी सासूबाईंकडे हळूच विचारायला आल्या, जावईबुवांना ऑक्सिजन कधीपासून लावलाय. कोरोनानंतर नाकात नळी दिसली की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. मी आमरसाची तिसरी वाटी घेत होतो, ती बघून त्यांचं समाधान झालं.

फरक? मशीनवर रोज सकाळी श्वास अडल्याचा आकडा दिसतो, तासाला दोन-तीनच्या आसपास. रात्रीचं उठणं गेलं. बीपीची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली, स्वतः नाही. वजन फक्त पाच किलो उतरलं, शेवभाजी सुटत नाही. सर्दी झाली की अजूनही रात्र वाया जाते. नाकाच्या उशा काही महिन्यांत झिजतात, तो खर्च धरून चाला. मशीन रोज लावलं तरच उपयोग. एका लग्नात दोन रात्री नेलं नव्हतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा गल्ल्यावर डुलकी.

परवा गच्चीवर वडिलांचं घोरणं ऐकत पडलो होतो. घोरणं, मग एकदम शांत. मी आकडे मोजायला लागलो. पंचवीसवर हिसका आला. मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि सकाळी चहासोबत ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘हाऊ आवाज मन्हा नही.’