जंपच्या इडियम्स शिकायच्यात? ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी घ्या – माझा रिव्ह्यू

ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी मी बरीच वर्षं वापरतेय. घरी मराठी मीडियमच्या मुलांना इंग्रजी शिकवते, आणि हल्ली नोकरीला लागलेली मुलंही येतात, कारण ऑफिसच्या कॉलवर लोक भराभर इडियम्स, म्हणजे इंग्रजी वाक्प्रचार, टाकतात आणि यांना अर्थच लागत नाही. ही डिक्शनरी मुळात परक्या भाषेतून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच बनवलेली आहे. ती तयार करणारे ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, तिची पहिली आवृत्ती तिथेच १९४२ ला निघाली आणि १९४८ ला ऑक्सफर्डने ती काढली. म्हणून व्याख्या अगदी सोप्या शब्दांत असतात, एका शब्दासाठी आणखी चार शब्द शोधत बसावं लागत नाही.

जंप हा शब्द काढून बघा. आधी साधे अर्थ, मग खाली इडियम्सचा वेगळा भाग. जंप द गन म्हणजे वेळेआधीच घाई करणं, हे कुठल्याही यादीत मिळेल, पण मुलांच्या डोक्यात ते बसतं ते शर्यतीमुळे. २०११ ला देगूच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये १०० मीटर फायनलला उसेन बोल्ट बार व्हायच्या आधीच सुटला आणि तिथल्या तिथे बाद झाला, तो व्हिडिओ एकदा दाखवला की परत समजवायला लागत नाही. आपण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतो ती हीच घाई, पण आपल्या म्हणीत टोमणा आहे, ती बॉसला तोंडावर म्हणता येत नाही. इंग्रजीत मात्र मीटिंगमध्ये सरळ 'आय डोन्ट वॉन्ट टु जंप द गन, बट...' म्हणून बोलायला सुरुवात करता येते, त्यात कोणाला काही वाटत नाही.

मला या डिक्शनरीत सगळ्यात आवडतात ती लेबलं. हे इन्फॉर्मल, हे ब्रिटिश, हे अमेरिकन, असं शेजारीच लिहिलेलं असतं. एका क्लासच्या नोट्स माझ्याकडे एक मुलगी घेऊन आली होती, त्यात इडियम आणि समोर अर्थ एवढंच, आणि त्या जोरावर तिने एचआरच्या मेलमध्ये 'माय मॅनेजर जंप्ड डाउन माय थ्रोट' लिहिलं. अर्थ बरोबरच आहे, वसकन अंगावर आला, पण हे मैत्रिणीला सांगायचं वाक्य आहे, तक्रारीच्या मेलमध्ये नाही चालत. लेबल बघायची सवय असती तर तिने लिहिलं नसतं. तसंच रांगेत मध्येच घुसणं याला जंप द क्यू म्हणणं ब्रिटिश, अमेरिकेत जंप द लाइन किंवा कट इन लाइन. आपल्याकडे पेपरात सर्रास 'जंप्ड द सिग्नल' छापून येतं आणि इथे ते चालतंही, पण ब्रिटिश लोक जंप द लाइट्स म्हणतात आणि अमेरिकन रन अ रेड लाइट, आयईएल्ट्स ही परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांनी हे नक्की बघून ठेवा.

जंप शिपचे दोन्ही अर्थ दिलेत, खलाशाने परवानगीशिवाय जहाज सोडणं आणि माणसाने अचानक कंपनी किंवा पक्ष सोडणं. दुसरा अर्थ महाराष्ट्रात राहणाऱ्याला वेगळा समजवायला नको 🙂 जंप थ्रू हूप्स सर्कशीतून आलंय, काहीतरी मिळवण्यासाठी दहा अटी पूर्ण करत बसणं, होम लोन घेतलेला माणूस लगेच ओळखतो.

एक गोष्ट मात्र खटकते. जंप ऑन द बँडवॅगन शोधायला गेलात तर ते बँडवॅगनखाली असतं, आणि नवीन मुलांना हे कळतच नाही, ती जंपखाली शोधतात आणि कंटाळून पुस्तक मिटतात. बँडवॅगन म्हणजे अमेरिकेत सर्कशीच्या मिरवणुकीत पुढे वाजत-गाजत जाणारी वाजंत्र्यांची गाडी, नंतर राजकारणात ज्याची चलती त्याच्या गाडीत सगळे चढायला लागले. एवढं माहीत असलं की वाक्य कुठेही सापडलं तरी अर्थ लागतो. जंप द शार्क तर अमेरिकन टीव्हीची माहिती नसेल तर अजिबात कळत नाही. १९७७ ला हॅपी डेज या सीरियलमध्ये हिरो वॉटर स्कीवर शार्कवरून उडी मारतो, आणि मग जी सीरियल ताणून ताणून भलत्याच थराला जाते तिच्यासाठी हे वापरायला लागले. आपल्या डेली सोप्सना रोज लावता येईल.

वेबसाइट फुकट आहे, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात, म्हणून फोनवर तीच वापरा. पण शिकवायला मला छापील पुस्तकच लागतं, एका पानावर जंपचं सगळं कुटुंब दिसतं आणि मुलं शेजारचं पण वाचतात. फक्त ते प्रचंड जड आहे आणि अक्षर बारीक, चाळिशी लागलेल्यांनी आधी दुकानात उघडून बघा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर खुशाल घ्या, यातल्या बहुतेक इडियम्ससाठी ती पुरते, फक्त सुरुवातीची पानं फाटलेली नाहीत ना ते बघा कारण लेबलांचा आणि खुणांचा खुलासा तिथेच असतो.