दोनच कांड्या उरल्यात! स्ट्राँग हायब्रिड घ्यावी की माइल्ड?

स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन असूनही थोडा वेळ नुसत्या विजेवर चालणारी गाडी, घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी घाबरलो. वाकडच्या ट्रॅफिकमध्ये स्क्रीनवर बॅटरीचा चार्ज दाखवणाऱ्या ८ पैकी २ कांड्या उरल्या, म्हणून भर मे महिन्यात एसी बंद करून बसलो. उगाच! थोड्या वेळात इंजिन आपसूक सुरू झालं आणि कांड्या चढल्या.

पुणेकराला पाण्याच्या भाषेत सांगतो. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी, स्ट्राँग हायब्रिडची म्हणजे नळाखालची बादली आणि माइल्डची, म्हणजे जिच्यात मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते तिची, तांब्या. टोयोटा हायरायडर किंवा मारुती ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग मॉडेलमध्ये जेमतेम पाऊण युनिट वीज मावते. बादली सारखी भरणार, सारखी रिकामी होणार. शिवाय खालची कांडी म्हणजे शून्य नव्हे. बॅटरी टिकावी म्हणून गाडी ती पूर्ण रिकामीही होऊ देत नाही आणि काठोकाठ भरूही देत नाही.

सिग्नलला स्ट्राँगचा एसी बॅटरीवर चालतो, म्हणून उभ्या गाडीतही कांड्या उतरतात. सिंहगडावरून खाली येताना उलटं होतं, चाकांच्या फिरण्यातून वीज तयार होऊन बॅटरीत जाते. काही वळणांतच बादली भरते आणि मग इंजिन घोंगावतं. बिघाड नाही तो. जादा वीज ठेवायला जागा नाही, म्हणून इंजिन गाडी रोखून धरतं. उतारावर गिअरचा ‘बी’ मोड, म्हणजे गाडी आपसूक जास्त रोखणारा मोड, टाकायची सवय लावा, ब्रेकवरचा ताण वाचतो.

माइल्डमध्ये स्क्रीनवर बॅटरीचं चित्र दिसलं तरी त्याकडे बघू नका. मोटर फक्त गाडी उचलताना हात देते, नुसत्या विजेवर गाडी हलत नाही. सिग्नलला पेट्रोल वाचवायला इंजिन आपोआप बंद झालं की एसीचा गारवा ओसरतो, मग इंजिन पुन्हा सुरू होतं. माझे मेहुणे ते फीचर बटण दाबून बंदच ठेवतात.

कंपनीचा आकडा स्ट्राँगला लिटरला २७.९७ किलोमीटर, माइल्ड मॅन्युअलला २१.११. रोज कोथरूड-हिंजवडी रखडत असाल तर स्ट्राँगचे जादाचे काही लाख मला पटतात, कारण बादलीचा खेळ तिथेच रंगतो. बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटीही आहे. एरवी गाडी झाकून ठेवून महिन्यातून दोनदा कोल्हापूरला जाणार असाल, तर माइल्ड पुरे. तिच्यात मॅन्युअल गिअर मिळतो आणि डिकीही मोठी.

मुलाकडे अमेरिकेला तीन महिने जाणाऱ्यांनी एक बघावं. उभ्या स्ट्राँगच्या कांड्या भरलेल्या असल्या तरी ती सुरू होईलच असं नाही. तिला जागं करते साधी १२ व्होल्टची बॅटरी, आणि तिचा चार्ज त्या कांड्यांत दिसत नाही.