बाहेरचा मोडेम, आठ महिन्यांनंतर: डायल-अप जोडणीतल्या अडचणींचा माग

चिपळूणजवळच्या एका गावात राहून मी पुण्यातल्या प्रकाशकांसाठी भाषांतराचे आणि मुद्रितशोधनाचे काम घरून करते. २००३ च्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि संगणकाच्या आतला मोडेम, म्हणजे टेलिफोन लाइनवरून क्रमांक फिरवून (डायल-अप) इंटरनेटला जोडून देणारे कार्ड, जळाला. त्याच्या जागी जूनमध्ये मी संगणकाच्या सिरियल पोर्टला (केबल लावायच्या खोबणीला) जोडायचा, स्वतंत्र डबीतला ५६के (सेकंदाला ५६,००० बिटांपर्यंतचा) मोडेम घेतला. आतल्या कार्डापेक्षा तो जवळजवळ तिप्पट महाग होता, त्यामुळे घेताना मन कचरत होते. हे लिहिते आहे २००४ च्या फेब्रुवारीत. या आठ महिन्यांत तो रोज किमान पाऊण तास वापरला गेला, त्यात कोकणातला एक अख्खा पावसाळा आला, आणि म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहिण्यासारखा वाटला. माझा संगणक साधा आहे: सेलेरॉन प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी आणि विंडोज ९८.

आधीच सांगते की केवळ वेग वाढेल या अपेक्षेने हा मोडेम घेऊ नये. लाइन तीच असेल तर वेगात पडणारा फरक थोडा असतो. मला याचा खरा उपयोग झाला तो दोष नेमका कुठे आहे हे कळण्यासाठी. आतला मोडेम असताना जोडणी तुटली की पडद्यावर एक क्रमांक दिसायचा, आणि त्यावरून संगणक बिघडला, लाइन बिघडली की पलीकडचे, इंटरनेट सेवा देणाऱ्याचे, केंद्र बंद आहे हे ठरवणे मला जमत नसे. दुकानातल्या मुलाने त्या काळात दोनदा विंडोज नव्याने घालून दिले, दोन्ही वेळा पैसे गेले आणि अडचण जिथल्या तिथेच राहिली.

या डबीवर दिव्यांची एक ओळ आहे. एमआर हा मोडेम चालू असल्याचा आणि टीआर हा संगणकाने पोर्ट उघडल्याचा दिवा. ओएच लागला म्हणजे मोडेमने लाइन उचलली, आणि सीडी लागला म्हणजे पलीकडच्या मोडेमशी सूर जुळला. एसडी आणि आरडी हे माहिती जाण्या-येण्याबरोबर लुकलुकतात. ‘डायल’ वर टिचकी मारली की आधी रिले (लाइन जोडणारा आतला खटका) ‘टक्’ करतो, ओएच लागतो, स्पीकरमधून डायलटोन ऐकू येतो, नंतर क्रमांकाचे सूर, एक-दोन रिंगा, मग उंच शिट्टी, दोन्ही बाजूंची खरखर, मध्येच दोन घंटांसारखे टोले, आणि एकदम शांतता होऊन सीडीचा दिवा स्थिर होतो. हा क्रम पंधरा दिवसांत कानात बसतो. त्यानंतर तो कोणत्या पायरीवर अडला हे पडद्याकडे न पाहताही सांगता येते.

ओएच लागला आणि डायलटोन आलाच नाही, तर दोष लाइनचा किंवा आपल्या वायरीचा असतो आणि विंडोज ६८० क्रमांक दाखवते. रिंग वाजत राहून कोणी उचलत नसेल तर ६७८, आणि लाइन व्यस्त असेल तर ६७६. हे दोन्ही क्रमांक मला बहुतेक रात्री नऊ ते अकरा या वेळात दिसले. त्या वेळी सेवा देणाऱ्याच्या केंद्रातले मोडेम भरलेले असत आणि घरात बसून त्यावर काही उपाय नव्हता. मी मोठ्या फाइली पहाटे सहाला पाठवू लागले आणि हा त्रास जवळजवळ संपला. शिट्टी आणि खरखर लांबतच राहिली, सीडी लागला नाही आणि शेवटी सगळे गप्प झाले, तर लाइनवर गोंगाट आहे असे समजावे. माझ्या बहुतेक अडचणी या शेवटच्या प्रकारातल्या होत्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तर जोडणी पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त टिकेना. ई-मेलने फाइल पाठवणाऱ्याला याची झळ किती बसते ते एका साध्या हिशेबावरून कळेल. ई-मेलला जोडलेली फाइल पाठवण्याआधी अक्षरांत रूपांतरित होते आणि तीन बाइटांचे चार होतात, म्हणजे १ एमबीची फाइल सुमारे १.३३ एमबीची होते. सेकंदाला २८,८०० बिट या वेगाने ती जायला साधारण सात मिनिटे लागतात. सहाव्या मिनिटाला जोडणी तुटली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि टेलिफोनचे पल्स (बिल मोजण्याची एकके) मात्र पडत राहत.

एका जाणत्या शेजाऱ्यांनी मला त्या वेळी लाइन ऐकण्याची एक युक्ती शिकवली. टेलिफोन उचलला की डायलटोनमध्ये बारीक खरखर दडून जाते. म्हणून एकच आकडा दाबायचा. टोन थांबतो, पुढचा आकडा येईपर्यंत काही सेकंद लाइन शांत असते, आणि त्या शांततेत लाइनचा खरा आवाज ऐकू येतो. आमच्या लाइनवर त्या शांततेत तळणीत पाणी पडल्यासारखी चरचर होती.

मी दूरध्वनी केंद्रात तक्रार नोंदवली. तीन दिवसांनी लाइनमन आले. त्यांनी खांबावरच्या डीपीला (घरोघरच्या तारा जिथून फुटतात त्या पेटीला) आपला तपासणीचा टेलिफोन लावून बराच वेळ कान दिला आणि खाली उतरून म्हणाले, “ताई, लाइन इथपर्यंत स्वच्छ आहे. घरातलं बघू या.” पडवीच्या भिंतीवर, वळचणीखाली, टेलिफोनची रोझेट, म्हणजे तारा जोडायची छोटी पेटी, होती. ती बसवल्यापासून आमच्यापैकी कोणीच उघडली नव्हती. तिचे झाकण काढल्यावर आत मुंग्यांनी आणलेली तांबडी माती भरलेली दिसली. दोन स्क्रूंपैकी एकाखालच्या तांब्याच्या तारेवर हिरवा कळंक चढला होता आणि हात लावताच ती तार तुटून बाहेर आली. माजघरातल्या दुसऱ्या टेलिफोनसाठी पूर्वी कोणीतरी तिथूनच वायर जोडून घेतली होती. तो जोड नुसता पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेला होता आणि पट्टीच्या आत ओल साचली होती. लाइनमननी तारा कापून, चकचकीत करून पुन्हा घट्ट बसवल्या, माजघराकडचा जोड सोडवून टाकला, आणि रोझेट वळचणीखालून काढून दाराच्या आतल्या बाजूला लावली. सगळे मिळून अर्ध्या तासाचे काम होते. त्याच संध्याकाळी मोडेम ४४,००० वर जोडला गेला. आदल्या दिवशीचा आकडा होता २६,४००.

या आकड्यांविषयी थोडे लिहायला हवे. पहिल्या दिवसापासून विंडोज मला ‘१,१५,२०० वर जोडले’ असे दाखवत होते आणि मी त्यावर विश्वास ठेवून बसले होते. तो वेग संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या केबलचा असतो, टेलिफोन लाइनचा त्याच्याशी संबंध नाही. मोडेमसोबत आलेल्या सीडी-रॉमच्या तबकडीतला योग्य ड्रायव्हर (मोडेम चालवणारा प्रोग्राम) घातल्यावर आणि माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे विंडोजमधल्या मोडेमच्या जादा आज्ञांच्या रकान्यात डब्ल्यू२ लिहिल्यावर खरा वेग दिसू लागला. त्यानंतर ध्यानात आले की आकड्यावरूनच बरेच काही वाचता येते. २६,४००, २८,८००, ३१,२०० किंवा ३३,६०० दिसले, तर मोडेम व्ही.३४ या जुन्या पद्धतीवर उतरलेला असतो. ४२,६६७, ४४,०००, ४५,३३३ असे आकडे १९९८ मध्ये आलेल्या व्ही.९० या मानकाचे. व्ही.९० मध्ये ५६के हा वेग फक्त आपल्याकडे येणाऱ्या माहितीसाठी असतो, आणि तोही सेवा देणाऱ्याचे केंद्र टेलिफोन एक्स्चेंजला डिजिटल मार्गाने जोडलेले असेल तरच मिळू शकतो. आपण पाठवतो त्या माहितीला ३३,६०० ची मर्यादा कायम राहते. माझ्यासारख्या, पाठवण्याचेच काम जास्त असणाऱ्या माणसाने खोक्यावरचा ५६ हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये.

सप्टेंबरात पुन्हा खरखर सुरू झाली. या वेळी खांबापासून घरापर्यंतची वायर फणसाच्या फांदीला घासून तिचे आवरण एका जागी फाटले होते. उन्हात सगळे ठीक चाले आणि पाऊस पडला की लाइन बिघडे. वायर बदलून मिळेपर्यंत तीन आठवडे लागले, आणि त्या काळात एक तडजोड उपयोगी पडली. मोडेमला व्ही.९० चा आग्रह सोडून व्ही.३४ वरच जोडणी करण्याची आज्ञा देता येते. माझ्या मोडेमसाठी ती जादा आज्ञांच्या रकान्यात अधिकचिन्ह, एमएस, बरोबर, व्ही३४ अशी लिहावी लागली. वेग उतरला, पण जोडणी अर्धा-अर्धा तास टिकू लागली, आणि फाइल पाठवायची असते तेव्हा टिकणे जास्त मोलाचे. त्याच रकान्यात एस१० ची किंमत वाढवून ५० केली. सूर हरवल्यावर मोडेमने किती वेळ थांबून मग लाइन ठेवायची हे एस१० ठरवतो. त्याचे एकक सेकंदाचा दहावा भाग असल्यामुळे ५० म्हणजे पाच सेकंद. क्षणभराचा अडथळा आला तर या थांबण्याने जोडणी वाचते.

माजघरातला टेलिफोन काढून टाकण्याचा आणखी एक फायदा झाला. सासूबाईंनी माहेरी बोलण्यासाठी तो उचलला की माझी जोडणी तुटायची, आणि त्यांना कानात कर्कश आवाज ऐकू आल्याने त्याही दचकायच्या. आता टेलिफोन मोडेममागच्या ‘फोन’ लिहिलेल्या खोबणीतून येतो आणि सीडीचा दिवा लागलेला असला की कोणी तो उचलत नाही, हे घरात सर्वांना माहीत झाले आहे. कॉल वेटिंगची सोय घेतलेल्यांनी ती इंटरनेटच्या वेळी बंद ठेवावी, कारण तिची ‘टुक्’ जोडणीत अडथळा आणते.

लाइन चांगली असताना आलेल्या अडचणी थोड्या आहेत. ६९१ हा क्रमांक नाव किंवा पासवर्ड चुकल्याचा. माझ्या बाबतीत पासवर्ड बरोबर असूनही तो आला, कारण विंडोज ज्या पीडब्ल्यूएल फाइलीत पासवर्ड साठवते तीच बिघडली होती. ती काढून टाकून पासवर्ड पुन्हा टाइप केल्यावर प्रश्न सुटला. नाव-पासवर्ड तपासण्याच्या पायरीवर अर्धा मिनिट जात असेल, तर जोडणीच्या गुणधर्मांत ‘नेटवर्कवर लॉग ऑन’, आणि नेटब्यूई व आयपीएक्स (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या इतर पद्धती) यांच्यासमोरच्या खुणा काढाव्यात व फक्त इंटरनेटची टीसीपी-आयपी ही पद्धत ठेवावी. माझ्याकडे ही पायरी आता पाच-सहा सेकंदांत संपते. सीडी लागलेला आहे आणि तरी एकही पान उघडत नाही असे झाले, तर मी एखाद्या संकेतस्थळाला नावाने आणि मग त्याच्या आकड्यांतल्या पत्त्याने पिंग करून, म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश पाठवून, पाहते. आकड्यांना उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर दोष बहुधा नावे शोधून देणाऱ्या सर्व्हरचा असतो आणि आपल्या संगणकात सहसा काही बदलायची गरज नसते.

विजेचा प्रश्न मला उशिरा समजला. ऑक्टोबरात संध्याकाळच्या वेळी जोडणी अचानक तुटायची, संगणक मात्र व्यवस्थित चालू असायचा. लाइन तर नुकतीच दुरुस्त झालेली. एकदा दिव्यांकडे पाहत बसले असताना शेजारी पाण्याचा पंप सुरू झाला, खोलीतला दिवा क्षणभर मंदावला आणि मोडेमचे सगळे दिवे विझून पुन्हा लागले. संगणक यूपीएसवर होता, पण मोडेमचा अडॅप्टर भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये लावलेला होता. तो यूपीएसवर घेतल्यापासून हा प्रकार एकदाही झालेला नाही. आतल्या मोडेमला वेगळी वीज लागत नाही, तेव्हा बाहेरच्या मोडेमची ही एक उणीव मानायला हवी. विजांच्या बाबतीतही पूर्ण निर्धास्त होता येत नाही. मोडेम बाहेर असल्याने मदरबोर्डला असणारा धोका कमी होतो, संपत नाही. टेलिफोन लाइनवर लावायचे संरक्षक मिळतात, पण घराचे अर्थिंग चांगले नसेल तर ते निरुपयोगी ठरतात. आमच्याकडे ढगांचा पहिला गडगडाट ऐकू आला की टेलिफोनची पिन भिंतीतून काढली जाते.

घ्यायचा विचार असलेल्यांनी दुकानातच दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे सिरियल केबल. मोडेमच्या बाजूला २५ पिनांची आणि संगणकाच्या बाजूला ९ पिनांची केबल खोक्यात आहे ना ते पाहावे, कारण आमच्या बाजारात ती सुटी मिळायला चार दुकाने फिरावी लागतात. दुसरी गोष्ट अडॅप्टर. डिसेंबरात माझा अडॅप्टर जळाला. दुकानदाराने त्याच आकाराच्या पिनेचा ९ व्होल्टचा दुसरा दिला, तरी मोडेमचा एकही दिवा लागला नाही आणि मोडेमच गेला असे समजून मी दोन दिवस काळजीत काढले. शेवटी डबी उलटी करून पाहिले तर तळाशी ‘९ व्होल्ट एसी’ असे छापलेले होते. मला मिळालेला अडॅप्टर डीसीचा होता. एसीचा अडॅप्टर कोल्हापूरहून मागवावा लागला. तो लावताच एमआर लागला आणि त्या सकाळी राहिलेली तीन प्रकरणे एकामागून एक पुण्याला गेली.