जुन्या कपाटांवर वॉटर बेस्ड इनॅमल: वापरानंतरचा अभिप्राय

स्वयंपाकघरातील कपाटांचा सांगाडा भक्कम आहे, बिजागऱ्या नीट चालतात, पण सनमायका विटला आहे, अशा घरांनी नवी शटर करून घेण्याआधी वॉटर बेस्ड इनॅमलचा, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमल रंगाचा, विचार जरूर करावा. पुण्यातील आमच्या घरी जुन्या शटरवर सॅटिन फिनिशचा (मंद चकाकीचा) हा रंग लावून वर्ष उलटले आहे. रोजची फोडणी आणि एक संपूर्ण पावसाळा त्याने सोसला आहे. माझे मत अनुकूल आहे. मात्र ते रंगाइतकेच त्याच्या खालच्या तयारीबद्दलही आहे.

शटरची फक्त बाहेरची बाजू रंगवायची असेल तर लहान स्वयंपाकघराला दोन हातांसाठी (थरांसाठी) साधारण एक लिटर रंग पुरतो. रंग, प्रायमर (रंगाआधी लावायचा थर), पॉलिश पेपर, चार इंची फोम रोलर आणि मास्किंग टेप हे सारे बोहरी आळीतून आणले, ते दोन हजार रुपयांच्या आसपास बसले. त्याच शटरऐवजी नवी करण्यासाठी सुताराने सांगितलेला आकडा याच्या कित्येक पट होता.

दुकानदार बहुधा ऑइल पेंट पुढे करतात, कारण तो स्वस्त पडतो आणि त्याची चकाकी लगेच डोळ्यांत भरते. परंतु पांढरा किंवा फिकट ऑइल पेंट, विशेषतः प्रकाश न पोचणाऱ्या कपाटांच्या आतल्या बाजूस, काही काळाने पिवळा पडतो. शिवाय त्याचा आणि टर्पेंटाइनचा वास घरात रेंगाळतो आणि पुढच्या हातासाठी बहुतेक वेळा रात्रभर थांबावे लागते. वॉटर बेस्ड इनॅमलमध्ये ॲक्रिलिक असल्याने तो असा पिवळा पडत नाही, ब्रश साध्या पाण्याने धुता येतो आणि पहिल्या हातानंतर काही तासांत दुसरा देता येतो. ज्या घरात रंगकाम चालू असतानाही स्वयंपाक थांबवता येत नाही, तेथे हा फरक फार मोलाचा आहे.

खरी कसोटी सनमायक्याची असते. त्याचा पृष्ठभाग रंग शोषत नाही, त्यामुळे साध्या लाकडासाठीचा प्रायमर लावला तर काही महिन्यांत हँडलच्या भोवती पापुद्रे सुटू लागतात. म्हणून बजेट कमी असेल तर रंगाच्या भारी प्रकारावर पैसे घालण्यापेक्षा गुळगुळीत पृष्ठभागावर पकड धरणाऱ्या प्रायमरवर घालावेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. त्याआधी शटर उतरवून भांड्यांच्या साबणाने आणि गरम पाण्याने तेलाचा चिकट थर काढावा, साबणाचा अंश राहू नये म्हणून स्वच्छ पाण्याने दोनदा पुसावे, पूर्ण वाळू द्यावे आणि मग १८० ते २२० नंबरच्या पेपरने चकाकी जाईपर्यंत घासावे. गॅसजवळच्या शटरवर तेलाचा थर सर्वांत जाड असतो. तेथे घाई केली तर रंग तेथूनच सुटतो. टवके व जुनी भोके लांबीने (पुट्टीने) भरून घ्यावीत. प्रायमर वाळल्यावर एका कोपऱ्यात ब्लेडने बारीक फुली मारून चिकटपट्टी दाबून ओढावी. पट्टीबरोबर प्रायमर निघाला तर पुढचे काम थांबवून पुन्हा घासणे हाच उपाय आहे.

ज्यांच्या कपाटांवर सनमायक्याऐवजी जुना ऑइल पेंट आहे, त्यांनी एक काळजी घ्यावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे अधिक असू शकते. असा थर कोरडा घासू नये. पाणी पेपरने ओला घासावा, मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे आणि चिखल लगेच पुसून टाकावा.

या रंगाच्या मर्यादाही आहेत. तो हाताला लवकर कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. या काळात शटर घट्ट बंद ठेवली तर रंगवलेल्या कडा चौकटीला चिकटतात, म्हणून मध्ये कागदाची पट्टी ठेवावी. भर उन्हाळ्यात तो इतक्या झपाट्याने वाळतो की रोलरच्या खुणा सपाट होत नाहीत. सकाळी काम करणे आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घालणे हिताचे ठरते. पावसाळ्यात हे काम काढूच नये. हळदीचा डाग वेळीच पुसला नाही तर फिकट रंगावर पिवळी छटा राहते, त्यामुळे ओट्याखालच्या शटरसाठी मी गडद रंग सुचवेन.

सिंकखाली प्लायवूड फुगले असेल तर मात्र कोणताही रंग त्याला सावरू शकत नाही. तेवढे एक शटर सुताराकडून बदलून घ्यावे आणि नव्या लाकडाच्या कडांना आधी प्रायमर द्यावा, कारण पाणी कडांमधूनच आत शिरते.