सिनॉलॉजी डीएस२२४ प्लस: डबा जुना, कामाला चोख

निकाल आधी सांगते, कारणं मागाहून. घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं आणि माझ्यासारखीचं व्हिडिओ संकलनाचं काम एका जागी ठेवायला दोन डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला साठवणीचा डबा) हवा असेल, आणि लावून झाल्यावर रोज त्याच्याशी खेळत बसायची हौस नसेल, तर डीएस२२४ प्लस बिनधास्त घ्या. आकड्यांवर जीव टाकणारे असाल तर मात्र नका घेऊ. चिडचिड होईल.

चिडचिड व्हावी असे आकडे आहेतच. मॉडेल २०२३ चं, पण आतला इंटेल सेलेरॉन जे४१२५ हा २०१९ मध्ये आलेला प्रोसेसर. रॅम २ जीबी, तीही बोर्डावर पक्की बसवलेली. वाढवायला एक रिकामा स्लॉट, कंपनीच्या हिशोबाने एकूण ६ जीबीपर्यंत. मागे नेटवर्कचे दोन पोर्ट आणि दोन्ही एक गिगाबिटचे. म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी आणि हातात ११० च्या आसपास. साधी हार्ड डिस्कसुद्धा याहून जास्त वेगाने वाचते, तेव्हा इथे डिस्क पोर्टची वाट बघत बसते. दोन पोर्ट एकत्र जोडले की वेग दुप्पट, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. लिंक ॲग्रिगेशनने एका संगणकावरची एक कॉपी पळत नाही. दोघं-तिघं एकाच वेळी काम करत असतील तर त्यांची एकमेकांना अडचण कमी होते, इतकंच. २०२५ मध्ये आलेल्या डीएस२२५ प्लसला निदान एक पोर्ट अडीच गिगाबिटचा दिलाय. प्रोसेसर मात्र तोच!

मग घ्यायचा कशासाठी? तर डीएसएमसाठी, म्हणजे यावर चालणाऱ्या प्रणालीसाठी. ती ब्राउझरमध्ये उघडते, कुणालाही कळेल अशी आहे, आणि मुख्य म्हणजे डिस्कवर स्वतःच लक्ष ठेवते. डिस्कची स्मार्ट चाचणी (डिस्कने स्वतःची केलेली तपासणी), बीटीआरएफएस या फाइल प्रणालीचं डेटा स्क्रबिंग (साठवलेलं सगळं वाचून पडताळणं), स्नॅपशॉट (फाइल्सची त्या क्षणाची नोंद), सगळ्यांची वेळापत्रकं एकदा लावून दिली की काही बिघडलं तरच ईमेल येतो. दोन्ही डिस्कवर तोच डेटा आरशासारखा ठेवलाय, तेव्हा लावल्यावर मी मुद्दाम चालू नॅसमधून एक डिस्क ओढून काढली. डब्याने जी किंचाळायला सुरुवात केली, ती पडद्यावरचं 'बीप बंद' दाबेपर्यंत थांबली नाही; सासूबाई आतल्या खोलीतून बघायला आल्या. फाइल्स मात्र तशाच उघडत होत्या. डिस्क परत सरकवली, रात्री दुरुस्ती लावली, सकाळी सगळं हिरवं. माझा विश्वास बसला तो तिथे.

शेअर्ड फोल्डर बनवताना एक टिकमार्क असतो, डेटा चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) चालू करण्याचा. तो विसरू नका. फोल्डर बनल्यावर तो लावता येत नाही. नवा फोल्डर करून सगळं तिकडे हलवावं लागतं. चेकसम असेल तरच स्क्रबिंगला कळतं की दोन्ही डिस्कवरच्या प्रतींपैकी कुठली खराब झालीय, आणि ती चांगल्या प्रतीवरून नीट करता येते. जुने फोटो वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही, त्यामुळे ते सडले तरी पत्ता लागत नाही. हा टिकमार्क त्यांच्यासाठी.

डिस्क घेताना नुसती साठवण बघू नका, सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवता शेजारी-शेजारी ठेवलेली) आहे का ते विचारा. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एकट्या बाहेरच्या डिस्कमध्ये हे चालून जातं, आरशासारख्या जोडीची (म्हणजे RAID ची) पुनर्बांधणी करताना, नव्या डिस्कवर सगळं पुन्हा उतरवताना, मात्र वेग पार बसतो. २०२० मध्ये डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या 'रेड' नावाच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या, आणि कंपनीने ते आधी सांगितलं नव्हतं म्हणून मोठा गदारोळ झाला. तेव्हापासून सीएमआरवाल्या डिस्कना रेड प्लस म्हणतात. मी एक रेड प्लस आणि एक सीगेट आयर्नवुल्फ अशी जोडी लावलीय, दोन्ही ४ टीबीच्या. एकाच खेपेतल्या दोन डिस्क एकदमच आजारी पडू नयेत म्हणून. (पडद्यावर ३.६ च टीबी दिसतं. फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी.) स्मार्टच्या लांबलचक तक्त्यात मी दोनच ओळी बघते, क्रमांक ५ आणि १९७: बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) आणि संशयित सेक्टर. शून्याचे पाच-दहा झाले आणि पुढच्या महिन्यात आणखी वाढले, की नवी डिस्क मागवायची.

आता वायर. सगळं जोडलं आणि कॉपीचा वेग सेकंदाला ११ एमबी! नवऱ्याचं ठाम मत, डबाच भंगार. नेटवर्कच्या पानावर लिंक १०० एमबीपीएस दिसत होती, तिथेच चोर सापडला. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली की उपकरणं तक्रार न करता शंभरवर उतरतात. भिंतीतून येणाऱ्या वायरीचा कनेक्टर उजेडात धरला तर तपकिरी तार टोकापर्यंत पोचलेलीच नव्हती. ज्याने कुणी ती वायर ओढली त्याला माझा नमस्कार. कनेक्टर कापून नवा क्रिंप केला आणि वेग ११० वर गेला. नवीन वायर टाकणार असाल तर कॅट ६, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर हातात आली तर परत करा. या नॅसला वायफाय नाहीच, आणि नाही तेच बरं.

यूपीएसची यूएसबी केबल मागच्या पोर्टात लावली की वीज गेल्यावर ठरवलेल्या मिनिटांनी नॅस सगळं लिहून संपवतो आणि सुरक्षित स्थितीत जातो. छोटा यूपीएस पुरतो, फक्त बॅटरी म्हातारी झाली का ते अधूनमधून खरोखर प्लग काढून बघा.

इंटरनेटवर नॅस थेट उघडा ठेवू नका. राउटरचं यूपीएनपी (उपकरणांना आपोआप बाहेरची दारं उघडू देणारी सोय) बंद, 'ॲडमिन' नावाचं खातं बंद, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू, बाहेरून हवंच असेल तर व्हीपीएनने, म्हणजे कूटबद्ध खासगी जोडणीने. २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या डब्ल्यूडीच्या माय बुक लाइव्ह डिस्क लोकांच्या घरबसल्या पुसल्या गेल्या. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने क्यूनॅप कंपनीच्या नॅसवरच्या फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागितली. आरशासारख्या दोन डिस्क इथे काही कामाच्या नाहीत, कारण पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. म्हणून सिनॉलॉजीच्याच हायपर बॅकअप ॲपने एक यूएसबी डिस्क भरते, काढते आणि ताईकडे ठेवते. मधूनच एखादं फोल्डर त्यातून परत आणून उघडूनही बघते.

तक्रार एकच, पण मोठी. डीएसएम ७.२.२ मध्ये कंपनीने व्हिडिओ स्टेशन (सिनेमे बघायचं ॲप) काढून टाकलं आणि एचईव्हीसी प्रकारात दाबलेले व्हिडिओ बदलून देण्याचं काम आपल्या फोन-टीव्हीवर ढकललं. विकून झालेल्या यंत्रातून सोय काढून घेणं मला पटत नाही. २०२५ च्या प्लस मॉडेलना सिनॉलॉजीच्याच डिस्क हव्यात असाही हट्ट धरला होता, तो ऑक्टोबर २०२५ मध्ये डीएसएम ७.३ ने सैल केला. सिनेमे बघायला नॅस घेणाऱ्यांनी दुसरीकडे बघावं. फोटो आणि कामाच्या फाइल्ससाठी मी हाच पुन्हा घेईन, किंवा त्याच भावात मिळत असेल तर डीएस२२५ प्लस.